ध्रुवपद गर्दीचं

संपादकांनी यंदाच्या अंकाचं सूत्र एका शब्दात कळवलं: 'टिकाऊ'. कुणी गडकोटांवर लिहितंय, कुणी पैठणीवर, कुणी मुरांब्यावर. माझ्या वाट्याला ब्रिटिश पॉप गाणी आली. म्हणजे तीन मिनिटांचा माल, आणि ज्यांनी तो केला त्यांनाच तो पुढचा नाताळ बघेल याची खात्री नव्हती. 1963 साली बीटल्सची लाट ऐन भरात असताना पत्रकार त्यांना हटकून विचारायचे, हे सगळं ओसरलं की पुढे काय? रिंगो स्टारचा बेत तयार होता: केशकर्तनालयं काढू. ती काढायची वेळ आली नाही. आज साठ वर्षांनंतर त्या गाण्यांचे शब्द ज्यांना पाठ आहेत, त्यांच्यातल्या कित्येकांचे आईबापही तेव्हा जन्मले नव्हते.

तळघरात, भर दुपारी

लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवर कॅव्हर्न क्लबचा जिना उतरायला लागलं की आधी वास येतो, सांडलेल्या बिअरचा आणि ओल धरलेल्या विटांचा. खाली कमानींचं तळघर. लहानशा मंचावर चाळिशीतला एक गायक, गळ्यात गिटार, शेजारच्या स्टुलावर पाण्याची बाटली. समोर लग्नाआधीची धमाल करायला निघालेला मुलींचा घोळका, डोक्याला गुलाबी पट्टे बांधलेला. कोपऱ्यात एक आजोबा आणि त्यांची दहा-बारा वर्षांची नात. गायकाचा गळा बरा म्हणावा इतकाच. त्यालाही ते ठाऊक असावं, कारण ध्रुवपदापाशी आला की तो तोंड माइकपासून बाजूला न्यायचा आणि गिटार वाजवत नुसता हसत उभा राहायचा. पुढचं काम तळघर करायचं. नातीला सगळे शब्द येत होते. आजोबा एके ठिकाणी अडखळले तर तिनं त्यांना सावरून घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर तो बाहेर सिगरेट ओढत उभा होता. गाणी कशी निवडतोस, असं विचारलं. त्याचा हिशेब धंद्याचा होता. स्वतःला आवडणारी गाणी घरी वाजवायची. इथं आणायची ती लोक आपल्या हातातून काढून घेतात ती. दोन-चार ओळींत कुणी काढून घेतलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ते गाणं यादीतून बाद.

हा निकष मी पुढं लंडनपर्यंत बरोबर नेला. समीक्षकांच्या 'सार्वकालिक शंभर' वगैरे याद्यांपेक्षा तो मला जास्त भरवशाचा वाटतो.

गंमत म्हणजे हे तळघरही मूळचं नव्हे. 1957 साली जॅझसाठी उघडलेल्या या क्लबात बीटल्सनी तीनशेच्या आसपास कार्यक्रम केले. 1973 साली भुयारी रेल्वेच्या वायुवीजनासाठी जागा हवी म्हणून तो बंद करून बुजवला गेला. ते काम पुढं झालंच नाही. आज आपण उतरतो ते 1984 साली जुन्या विटा वापरून पुन्हा उभं केलेलं तळघर. वास्तू पाडून परत बांधावी लागली, तिथली गाणी मात्र मधल्या अकरा वर्षांत कुणी विसरलं नाही.

सम लवकर येते

लोकांनी हातातून काढून घ्यावं असं त्या गाण्यांत असतं काय? याचं उत्तर थोडंफार कारागिरीत सापडतं.

14 जून 1965. लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत पॉल मॅकार्टनी त्या एका दिवसात तीन गाणी गायला. एक घसा फाडून ओरडायचं, एक गावरान ढंगाचं पळतं, आणि तिसरं 'यस्टर्डे'. याची चाल त्याला झोपेत सुचली होती. ती इतकी पूर्ण होती, की आपण कुणाची तरी उचलली असणार या शंकेनं तो ओळखीच्यांना ऐकवत फिरला. शब्द नव्हते, म्हणून जागा भरायला अंडाभुर्जीचे शब्द बसवले होते. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी सोबत चार तंतुवाद्यं घ्यायचं सुचवलं. मॅकार्टनीला धाकधूक होती, की त्यानं गाणं गोडगोड होईल. व्हायोलिनवाल्यांच्या बोटांना सूर हलवायची सवय असते, ती त्याला नको होती. सूर सरळ हवा होता. त्या सरळपणामुळेच ते गाणं आजही चिकट वाटत नाही.

पण खरी करामत मोजणीत आहे. पाश्चात्त्य पॉपची चाल साधारणपणे चार-चार मात्रांच्या आठ बारांत बसवलेली असते. कानाला त्या आठांची इतकी सवय, की श्रोता न मोजताही मोजत असतो. 'यस्टर्डे'चं कडवं सात बारांत आटोपतं. मैफलीत सम आपल्या अंदाजाआधी येऊन गेली की मान डोलता डोलता थबकते, तसं होतं. काहीतरी आपल्या हातून निसटलं. आणि गाण्याचा विषयही तोच. हे सात बार कुणाच्या लक्षात येत नाहीत. लक्षात राहते ती हुरहूर.

डरहॅम विद्यापीठातल्या केली याकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली, डोक्यात घर करून बसणाऱ्या गाण्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. तीन हजार लोकांना विचारून त्यांनी पाहिलं, की अशा चालींचा एकूण चढउतार अगदी ओळखीच्या वळणाचा असतो, आणि मधेच एखादी उडी किंवा पुनरावृत्ती अनपेक्षित असते. सगळंच नवं असेल तर गुणगुणता येत नाही, सगळंच जुनं असेल तर गुणगुणावंसं वाटत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही चांगल्या भावगीताच्या संगीतकारानं हे चहा पिता पिता सांगितलं असतं, पण शास्त्रानं सांगितलं की बरं वाटतं.

ओळखीचं वळण कुठून आणायचं, यालाही तिथं परंपरा आहे. 1967 साली 'प्रोकोल हारम' या बँडचं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' आलं. त्याचा खर्ज एकेक पायरी सावकाश खाली उतरत जातो आणि वर हॅमंड ऑर्गनवर बाखच्या वळणाची सुरावट चालते. रविवारी चर्चमध्ये बसलेल्या प्रत्येक ब्रिटिश मुलाच्या कानावरून तसं काहीतरी गेलेलं असतं. ऑर्गन वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरचं नाव मात्र रचनाकार म्हणून छापलं नव्हतं. तो जवळजवळ चाळीस वर्षांनी कोर्टात गेला, आणि 2009 साली देशातल्या सर्वोच्च न्यायपीठानं रचनेतला 40 टक्के वाटा त्याचाच ठरवला. न्यायमूर्तींनी मान्य केलं ते लोकांना आधीपासून माहीत होतं. त्या गाण्याचे शब्द बहुतेकांना कळत नाहीत. ऑर्गन मात्र लग्नात, वाढदिवसात, लिफ्टमध्ये कुठंही दोन सुरांत ओळखू येतो.

आणि मग 'हे ज्यूड'. 1968 सालचं. सात मिनिटं अकरा सेकंद, तेव्हाच्या रेडिओच्या मानानं बेसुमार लांब. गाणं असं म्हणावं तो भाग तीन मिनिटांत संपतो. उरलेली चार मिनिटं तीन-चार स्वरमेळ आणि अर्थ नसलेली अक्षरं, पुन्हा पुन्हा. ध्वनिमुद्रणासाठी बोलावलेल्या 36 वादकांना वाजवून झाल्यावर टाळ्या वाजवून गायलाही सांगितलं. त्यांच्यातला एक जण हे आपलं काम नाही म्हणून चालता झाला, असं सांगतात. बिचारा. पुढच्या जवळजवळ साठ वर्षांत त्या शेपटात जितके लोक गायले, त्यांत न गायलेला म्हणून लक्षात राहिला तो एकटाच.

पाचगणीचा मुलगा आणि लाकडी फळ्या

गर्दीला गाण्यात जागा ठेवायची असते, हे ज्या बँडनं हिशेबानं केलं ती क्वीन. तिचा गायक आपल्या घाटावर शिकलेला. फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा, 1946 सालचा, घर पारशी. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. पियानो तो तिथं शिकला, 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँडही तिथंच. 1964 साली झांझिबारमधल्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं आणि फारुख पुढं फ्रेडी मर्क्युरी झाला. पाचगणीतून आज टेबललँडकडे जाणाऱ्या सहलीच्या गाड्यांत त्याचं एखादं तरी गाणं वाजत असतं, पण शाळेच्या फाटकापाशी कुणी थांबत नाही.

क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सगळ्यांना माहीत आहे, त्यावर लिहून झालेलंही भरपूर आहे. मला जास्त मोलाचं वाटतं ते दोन वर्षांनी आलेलं 'वी विल रॉक यू'. मे 1977 मध्ये स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपला आणि बँड आत गेल्यावरही लोक हलेनात. सगळे मिळून फुटबॉलच्या मैदानावरचं 'यू विल नेव्हर वॉक अलोन' गाऊ लागले. गिटारवादक ब्रायन मे विचारात पडला. दाटीनं उभ्या असलेल्या माणसाला करता येण्यासारखं काय असतं? पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते, आणि गाता येतं. झालं गाणं.

ध्वनिमुद्रण उत्तर लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, एका जुन्या चर्चमध्ये झालं. तिथं पडलेल्या लाकडी फळ्या जमिनीवर मांडून चौघे आणि हाताशी सापडले ते लोक त्यांवर पाय आपटत राहिले. पण मूठभर माणसांचा आवाज हजारोंचा कसा करायचा? प्रतिध्वनी दिला तर नुसतं घुमतं, गर्दी वाटत नाही. मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, पुढं खगोलभौतिकीत डॉक्टरेट घेतलेला. त्यानं त्याच आवाजाच्या प्रती किंचित उशिरानं एकावर एक चढवल्या, आणि उशिराची अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली. मूळ संख्या एकमेकींच्या पटीत येत नाहीत, त्यामुळं त्या प्रती कधी एका ठोक्यावर जुळून घुमत नाहीत. कानाला वेगवेगळ्या अंतरावर उभी असलेली माणसं भासतात. दोन आपट, एक टाळी. ढोल नाही, ड्रम नाही, गिटार आहे ती अगदी शेवटी. गाणं बाजारात आलं तेव्हाच त्यात गर्दी होती. खऱ्या गर्दीनं नंतर फक्त तिची जागा घेतली.

दोन बोटं

लंडनची डेन्मार्क स्ट्रीट ही एके काळी चाली विकणाऱ्या प्रकाशकांची गल्ली. रोलिंग स्टोन्सची पहिली एलपी ज्या रीजेंट साउंड स्टुडिओत झाली, तिथं आता गिटारचं दुकान आहे. आजूबाजूलाही गिटारीच. एका दुकानात मी तासभर नुसता उभा राहिलो. शाळकरी पोरं येतात, भिंतीवरची गिटार उतरवून मागतात, स्टुलावर बसतात, आणि दहातली निम्मी तरी एकच गाणं सुरू करतात. काउंटरवरचा माणूस डोळे मिटून घेतो. 'वंडरवॉल'.

ओएसिस या मँचेस्टरच्या बँडचं हे 1995 सालचं गाणं. त्याची लोकप्रियता कुणी शब्दांच्या गूढपणात शोधतं, कुणी लिअम गॅलाघरच्या खरखरीत आवाजात. मला वाटतं आधी डाव्या हाताकडं बघावं. दुसऱ्या पडद्यावर क्लिप लावायची. मग अनामिका आणि करंगळी खालच्या दोन तारांवर जी एकदा ठेवायची, ती जवळजवळ गाणंभर उचलायचीच नाहीत. बाकीची दोन बोटं वरच्या तारांवर जागा बदलतात, तेवढ्यानं स्वरमेळ बदलत जातात, आणि न हललेल्या दोन सुरांमुळं सगळं एकाच धूसर रंगात रंगतं. शिकाऊ पोराला सर्वांत अवघड जातं ते एका स्वरमेळावरून दुसऱ्यावर उडी मारणं. इथं उडीच नाही. गिटार घेतल्यावर पंधरवड्यात मित्रांसमोर वाजवता येईल आणि खऱ्यासारखं वाटेल असं दुसरं गाणं शोधून दाखवा. पुण्यातल्या गिटार क्लासातली पोरंही याच दोन बोटांनी सुरुवात करतात.

या गाण्याचं नाव मात्र मुंबईच्या वाटेनं आलंय. 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटासाठी जॉर्ज हॅरिसननं 'वंडरवॉल म्यूझिक' ही तबकडी केली, तिचं नाव हे गाणं लिहिणाऱ्या नोएल गॅलाघरनं उचललं. जानेवारी 1968 मध्ये हॅरिसननं त्या तबकडीतला बराच भाग फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांकडून करून घेतला. शिवकुमार शर्मांचा संतूर त्यात आहे. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याची साथ झाली, तिच्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. स्टुडिओ आवाजबंद नव्हताच म्हणायचा. संध्याकाळी इमारतीतली ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा आवाज आत यायचा आणि काम थांबवावं लागायचं, असं हॅरिसननं पुढं सांगितलंय. चर्चगेटची लोकल गाठायला पळणाऱ्या त्या कारकुनांना या नावाचं पुढं काय होणार याची काय कल्पना!

एक गोष्ट इथं नोंदवून ठेवतो. 'वंडरवॉल' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर कधी गेलंच नाही. त्याला रॉब्सन आणि जेरोम या दोन दूरचित्रवाणी नटांनी गायलेल्या जुन्या गाण्यानं अडवलं. बीटल्सचं 'पेनी लेन' 1967 साली दुसऱ्याच क्रमांकावर राहिलं. वर होता मद्रासमध्ये जन्मलेला एंगलबर्ट हम्परडिंक. किंक्स या बँडचं 'वॉटर्लू सनसेट' दुसरं. रॉबी विल्यम्सचं 'एंजल्स' चौथं. पहिल्या क्रमांकाचं एक सुख असतं, आठवड्याचं.

गुरुवारची संध्याकाळ

हॅरोला एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. घरच्या काकू दादरच्या, लग्न होऊन सत्तरच्या दशकात आलेल्या. कोथिंबीर निवडता निवडता गुणगुणत होत्या. मला वाटलं, भावगीत असेल. होतं किंक्सचं.

"काकू, हे तुम्हाला कुठून?"

"कुठून म्हणजे? गुरुवारी टीव्हीवर लागायचं ना. तुझे काका कामावरून यायचे, पोरं गालिच्यावर, आणि मी पोळ्या लाटत दारातून बघायची. तीन तर चॅनेल होते, दुसरं बघणार काय?"

काकूंनी एका वाक्यात जे सांगितलं, त्यावर तिथल्या पॉपचा निम्मा इतिहास उभा आहे. बीबीसीचं 'टॉप ऑफ द पॉप्स' 1 जानेवारी 1964 रोजी मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतून सुरू झालं आणि 2006 सालापर्यंत दर आठवड्याला चाललं. घरात टीव्ही एक, त्यामुळं आजीनं नाक मुरडायचं, बापानं 'हा मुलगा की मुलगी?' असं विचारायचं आणि पोरांनी 'गप्प बसा ना' म्हणायचं, हे सगळं एकाच गाण्यावर. न आवडलेलं गाणंही सगळ्यांना येत असे. अमेरिकेसारखा खंडाएवढा देश असता तर प्रत्येक शहराचं रेडिओ स्टेशन वेगळं, आवड वेगळी. इथं एका बेटावर एकच यादी, आणि नाताळात पहिलं कोण येतं यावर लोक पैजा लावतात.

म्हणून वारसा पुढं जातो तो घरातून. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या मुलांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली होती. ती अमेरिकेतली, पण मुद्दा सगळीकडं लागू आहे. त्यांना स्वतःच्या वयाची गाणी जवळची वाटली, यात नवल नाही. पण आईबापांच्या तरुणपणातल्या गाण्यांपाशीही आठवणींचा उंचवटा दिसला, आणि त्याही मागं साठच्या दशकापाशी आणखी एक. काकूंची नात आतल्या खोलीतून येऊन त्याच गाण्याची पुढची ओळ गाऊन पाणी घेऊन गेली, तेव्हा मला अभ्यास आणखी वाचायची गरज उरली नाही.

आता सगळं गाणं फोनवर आहे, आणि त्यामुळं जुन्यांचं फावलंय. पूर्वी जुनी तबकडी दुकानातच मिळायची नाही. आता 1985 आणि आज सकाळ यांत अंतर एका बोटाचं. केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' तेव्हा तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. 2022 साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतल्या एका मुलीचा जीव त्या गाण्यानं वाचवला आणि ते 37 वर्षांनी पहिलं आलं. त्यासाठी यादीवाल्यांना नियम वाकवावा लागला. जुन्या गाण्यांनी नव्यांना चिरडू नये म्हणून त्यांच्या स्ट्रीमला निम्मंच वजन दिलं जातं. या गाण्याला त्यातून सूट मिळाली. वॅमचं 'लास्ट ख्रिसमस' 1984 साली दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, 2021 च्या पहिल्या दिवशी पहिलं झालं, आणि ऐन नाताळातला पहिला क्रमांक त्याला 2023 साली मिळाला. तोवर ते आईवडिलांच्या घरातल्या खोलीत बसून रचणारा जॉर्ज मायकल जाऊन सात वर्षं झाली होती.

पुलावर कुणी थांबत नाही

सगळीच टिकाऊ गाणी गर्दीची नसतात, असा आक्षेप निघेल म्हणून मी वॉटर्लू पुलावर गेलो. 'वॉटर्लू सनसेट' हे तसं एकट्या माणसाचं गाणं. खिडकीतून बघणारा कुणीतरी, आणि खाली भेटणारं एक जोडपं. रचणारा रे डेव्हिस लहानपणी नदीकाठच्या सेंट थॉमस रुग्णालयात आजारी होता, टेम्स तेव्हापासून त्याच्या डोळ्यांत. गाणं आधी लिव्हरपूलच्या सूर्यास्ताचं होतं, मग ते स्वतःच्या शहरात आलं. ते इतकं खाजगी वाटत होतं की शब्द त्यानं बँडलाही शेवटपर्यंत दाखवले नाहीत, असं सांगतात.

संध्याकाळी सहाला पुलावर प्रत्यक्षात असते ती धावपळ. दुसऱ्या महायुद्धात हा पूल बांधणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, म्हणून त्याला 'लेडीज ब्रिज' असंही म्हणतात. पूर्वेला सेंट पॉलचा घुमट, पश्चिमेला पार्लमेंटचे मनोरे, आणि मधून स्टेशनकडं निघालेली माणसं, मान खाली, हातात फोन. सूर्य मावळत होता, त्याच्याकडं बघणारे बहुधा पर्यटकच. एक मुलगी कानात यंत्र घालून कठड्याला टेकली होती. ती काय ऐकतेय हे विचारायचा मोह मी आवरला.

या गाण्याचा चिवटपणा त्या नावात आहे. रोज हजारो लोक ज्या स्टेशनातून बाहेर पडतात, त्याचं नाव गाण्यात गेलं की गाणं स्टेशनच्या पाटीवर टांगल्यासारखं राहतं. विसरायचं म्हटलं तरी पाटी आठवण देते. लिव्हरपूलची पेनी लेन ही एक साधी बसमार्गाची गल्ली. तिथल्या पाट्या इतक्यांदा चोरीला गेल्या की नगरपालिकेनं शेवटी नाव भिंतींवरच रंगवून टाकलं. 2012 साली लंडन ऑलिंपिकच्या समारोपाला डेव्हिसनं 'वॉटर्लू सनसेट' गायलं, तेव्हा एकट्याचं ते गाणं स्टेडियमभर झालं. म्हणजे आक्षेप फार टिकला नाही.

चौकात आणि बुडत्या जहाजावर

22 मे 2017 च्या रात्री मँचेस्टरच्या अरीनात कार्यक्रम सुटताना बाँबस्फोट झाला. 22 माणसं गेली, त्यांत लहान मुलंही. तीन दिवसांनी सेंट ॲन चौकात फुलांच्या राशीभोवती लोकांनी मिनिटभर मौन पाळलं. मौन संपल्यावर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गर्दीतली एक बाई ओएसिसचं 'डोंट लुक बॅक इन अँगर' गाऊ लागली. आधी एकटीच, मग शेजारचे, मग चौक. ते चित्रीकरण मी अनेकदा पाहिलंय. सुरात फारसं कुणी नाही. प्रार्थना सगळ्यांना येत नव्हती, राष्ट्रगीत त्या क्षणाचं नव्हतं. हे मात्र येत होतं. नोएल गॅलाघरनं ते कुठल्याही शोकासाठी लिहिलं नव्हतं, आणि त्याच्या ओळींचा सरळ अर्थही लागत नाही. अर्थाची जागा रिकामी होती म्हणून शहराला त्यात आपलं दुःख ठेवता आलं.

उलट टोकाचं उदाहरण मे 1982 मधलं, फॉकलंडच्या युद्धातलं. 'शेफील्ड' या युद्धनौकेवर क्षेपणास्त्र आदळलं. सुटकेची वाट बघत असलेल्या खलाशांनी गाणं म्हटलं ते माँटी पायथन या विनोदी चमूच्या चित्रपटातलं, क्रुसावर टांगलेल्या माणसांनी शीळ घालत गायलेलं विनोदी गाणं. तेच गाणं आज तिथं अंत्ययात्रेत सर्रास लावतात. आपल्याकडं स्मशानात कुणी असं केलं तर भाऊबंद बोलणं टाकतील. तिथं हसू हा निरोपाचाच भाग, आणि त्यासाठीही एक ठरलेलं गाणं आहे.

हंगामी गाण्यांचं वेगळं. इंग्लंडचा संघ खेळायला उतरला की 1996 सालचं 'थ्री लायन्स' जागं होतं. 2018 साली ते पुन्हा पहिलं आलं, संघ उपांत्य सामना हरला, आणि पुढच्या आठवड्यात गाणं 97 व्या क्रमांकावर. मेलं नाही. पेटीत गेलं, गणपतीच्या मखरासारखं, पुढच्या स्पर्धेपर्यंत.

परकं तरी घरचं

एवढं सगळं 'ब्रिटिश, ब्रिटिश' म्हणून लिहिल्यावर एक अडचण सांगायला हवी. लिव्हरपूलच्या मैदानावर मफलर उंचावून गायलं जाणारं 'यू विल नेव्हर वॉक अलोन' मुळात 1945 सालच्या अमेरिकन संगीतिकेतलं. 1963 साली लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्सनी ते गायलं, ते पहिल्या क्रमांकावर गेलं, मैदानानं उचललं, आणि आता त्याचं अमेरिकन मूळ कुणी विचारतही नाही.

आणि आजचं सर्वांत चिवट गाणं? 'मिस्टर ब्राइटसाइड'. 'द किलर्स' हा बँड लास व्हेगासचा, अमेरिकेतला. 2004 साली ब्रिटनमध्ये ते दहाव्या क्रमांकापलीकडं गेलं नाही. पण त्यानंतर ते पहिल्या शंभरांत सगळे मिळून चारशेहून जास्त आठवडे राहिलंय. 2024 साली जाहीर झालं, की कधीही पहिल्या क्रमांकावर न गेलेल्या गाण्यांत ब्रिटनमधलं सर्वांत मोठं गाणं आता हेच. त्याआधी तो मान 'वंडरवॉल'कडं होता. मॅथ्यू स्ट्रीटवरचा गायक म्हणाला असता, लोकांनी ते हातातून काढून घेतलं, एवढंच.

मँचेस्टरच्या एका पबमध्ये शनिवारी रात्री साडेअकराला ते लागलं. खुर्च्या मागं सरकल्या, ग्लास कडेला ठेवले गेले, आणि विद्यार्थ्यांचं एक टोळकं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून छताकडं बघत ओरडू लागलं. संपल्यावर त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, हा बँड कुठला? घाम पुसत तो ठामपणे म्हणाला, "इथलाच." मैत्रिणीनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणाली, "काहीतरीच काय, शेफील्डचा आहे."